मध्यम बजेटमध्ये चांगल्या बांधणीची .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल कशी निवडावी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, ते ५० मीटरवरून, .२२ (नळीचा व्यास, इंचात) रिमफायर काडतुसावर. त्या अंतरावरच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. अशा स्पर्धेच्या रायफलला काही हजार डॉलर पडतात. पण काडतूस तेच आहे, .२२ लाँग रायफल, आणि तेच काडतूस अमेरिकेतल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात टांगलेल्या तीनशे डॉलरच्या रायफलमध्येही बसतं. या दोन टोकांच्या मध्ये, चारशे ते सहाशे डॉलरच्या पट्ट्यात, आयुष्यभर टिकेल आणि ५० यार्डांवर इंचाच्या आत गोळ्या घालेल अशी रायफल नक्की मिळते. फक्त ती ओळखता आली पाहिजे. बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हा सरकता दांडा हाताने मागेपुढे करून पुढचं काडतूस आत घ्यायचं.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. कोणाचा मुलगा स्काउटमध्ये किंवा फोर-एच या मुलांच्या संघटनेच्या नेमबाजीत रमलाय, कोणी घराजवळच्या रेंज क्लबचं सभासदत्व घेतलंय, आणि आता स्वतःची पहिली रायफल घ्यायची आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: पैसे नळी, ट्रिगर आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला धातूचा भाग) दस्त्यात (खांद्याला लावायच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भागात) बसतो ती जागा, या तीन ठिकाणी गेले पाहिजेत. बाकी सगळं नंतर बदलता येतं, किंवा त्याची गरजच नसते.

दुकानात जाण्याआधी: कायदा

हे आपल्या लोकांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, म्हणून सगळ्यात आधी. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत आणि जवळ बाळगताही येत नाहीत. मोजके अपवाद आहेत. त्यांतला नेहमी कामाला येणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मित्राची रायफल रेंजवर 'जरा हातात घेऊन' चार गोळ्या मारणं हेही या बंदीत येऊ शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका चुकीपायी ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालण्याइतकी कुठलीच रायफल मोलाची नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही बंदी लागू नाही.

परवानाधारक विक्रेत्याकडून लांब नळीची बंदूक घ्यायला वय किमान १८ लागतं. तिथे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. राज्यांचे नियम यावर आणखी असतात. न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड. कॅनडात सुरक्षेचा कोर्स करून पाल परवाना, ब्रिटनमध्ये पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट, ऑस्ट्रेलियात कॅटेगरी ए. खासगी विक्रेत्याकडून जुनी रायफल घेतानाही व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

भारतातल्या वाचकांसाठी वाट वेगळी आहे. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात, आणि परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. दुकानात जाऊन चार रायफली हाताळून एक उचलायची सोय नाही. तिथे रीतसर मार्ग म्हणजे क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलवर सुरुवात करायची आणि रायफल असोसिएशनच्या स्पर्धांमधून पुढे सरकायचं. पण वापरलेली रायफल तपासण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते तिकडेही जसंच्या तसं उपयोगी पडेल.

रिमफायर म्हणजे काय, हे कळलं की निम्मी निवड झाली

मोठ्या काडतुसांत पेंदीच्या मधोमध वेगळी टोपी असते. .२२ मध्ये ती नसते. पेंदीची जी बारीक कड बाहेर आलेली असते, तिच्या पोकळीत पेटणारं रसायन भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. ही कड चेपली गेलीच पाहिजे, म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून दाब कमी ठेवावा लागतो. .२२ लाँग रायफल १८८७ पासून चालत आलंय आणि त्याचा मूळ स्वभाव अजून तोच आहे: कमी धक्का, कमी आवाज, साध्या शिशाची साधारण अडीच ग्रॅमची गोळी.

यातून खरेदीशी थेट संबंध असलेल्या तीन गोष्टी निघतात. एक, ही काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत, त्यामुळे अचूकता निम्मी कारखान्याच्या हातात असते आणि तुमच्या रायफलला कुठली काडतुसं मानवतात ते शोधावंच लागतं. दोन, दाब कमी आणि गोळी मऊ असल्यामुळे नळी गोळ्या मारून सहसा झिजत नाही. .२२ ची नळी खराब होते ती गंजाने, नाहीतर साफ करताना घातलेल्या सळीने. म्हणून पन्नास वर्षांची नीट सांभाळलेली रायफल आजही नव्यासारखी मारते. तीन, गोळी मऊ असल्यामुळे मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) जाताना ती खरवडली गेली तर अचूकता तिथेच संपते.

.१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम हेही रिमफायरच. पण त्यांची काडतुसं बरीच महाग पडतात. सराव करायचा असेल तर .२२ लाँग रायफलच घ्या. हा मुद्दा माझ्या मते वादाचा नाही.

पैशांची वाटणी

समजा हातात एकूण आठशे डॉलर आहेत. सगळे रायफलवर घालवू नका. साडेचारशे ते पाचशे रायफलला, दीडशेच्या आसपास स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि तो बसवायच्या माउंटला, शंभर-सव्वाशे वेगवेगळ्या काडतुसांना, आणि उरलेले कुलूपबंद पेटी, कानाचं संरक्षण आणि चष्म्याला. सातशेची रायफल घेऊन तिच्यावर चाळीस डॉलरचा स्कोप चढवलेला दिसतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या रायफलचं सामर्थ्य तिच्या मालकाला कधी दिसणारच नसतं.

नव्या रायफलींमध्ये काय आहे

सॅव्हेज मार्क टू ही सर्वांत स्वस्तातली भरवशाची रायफल. कॅनडात ओंटारियोमधल्या लेकफील्डला बनते. हिचा ॲक्युट्रिगर मालकाला स्वतः हलका-जड करता येतो आणि मधल्या पात्यामुळे हलका करूनही सुरक्षित राहतो. कंपनीने पैसे नळीत आणि ट्रिगरमध्ये घातलेत आणि दस्त्यात वाचवलेत. साध्या मॉडेलचा प्लॅस्टिक दस्ता पोकळ आणि लवचिक आहे, बोल्ट थोडा खरखरीत चालतो. पण टार्गेटवर ही रायफल आपल्या किमतीपेक्षा बरंच जास्त देते. डावखुऱ्यांसाठी डाव्या हाताचा बोल्टही मिळतो. जाड नळीचं मॉडेल घ्यायला जमलं तर जरूर घ्या.

रुगर अमेरिकन रिमफायर २०१३ मध्ये आली. हिच्यात रुगरच्याच १०/२२ रायफलचं गोल मॅगझिन बसतं. ते कुठेही मिळतं, स्वस्त असतं आणि काडतुसं अलगद पुढे देतं. सेफ्टी (ट्रिगर अडवणारी कळ) अंगठ्याखाली येते आणि बोल्ट कमी उचलावा लागतो, त्यामुळे स्कोपला हात आपटत नाही. दस्त्यातले धातूचे ठोकळे रिसीव्हरला घट्ट धरतात. मुलांसोबत वापरायची असेल तर मी हीच सुचवतो, कारण तिची सेफ्टी आणि मॅगझिन नवशिक्याला पटकन समजतात.

सीझेड ४५७ ही चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदची. हिचा रिसीव्हर पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेला असतो, नळी थंड घडाईने (पोलाद न तापवता ठोकून) बनते, ट्रिगर जुळवता येतो. मॅगझिनची जागा, बोल्टचा दांडा, स्क्रूची डोकी, कुठेही हात लावा, काम काळजीने केलेलं जाणवतं. नळी दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली असल्यामुळे पुढे कधी बदलायची झाली तर घरी बदलता येते. माझ्या मते या किमतीत हीच सर्वांत चांगली बांधलेली रायफल आहे, आणि शंभर डॉलर जास्त जमवायला चार महिने थांबावं लागलं तरी थांबण्यासारखी आहे.

टिक्का टी-वन-एक्स फिनलंडची, २०१८ पासूनची. हिची बांधणी त्याच कंपनीच्या मोठ्या शिकारी रायफलच्या आराखड्यावर बेतलेली आहे, त्यामुळे त्या रायफलसाठी बनलेले बरेच दस्ते हिलाही बसतात. बोल्ट फार मुलायम. दस्ता प्लॅस्टिकचा आहे, पण भक्कम आहे. लाकडाचं वेड नसेल आणि पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर सीझेडइतकाच हिचाही विचार करा.

याहून वर बर्गारा बी-१४-आर, ॲन्शुट्झ वगैरे नावं येतात. ती या बजेटच्या बाहेरची.

दुकानात हातात घेऊन तपासणी

नाव आणि मॉडेल ठरलं म्हणून काम झालं असं नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींमध्येही फरक निघतो. दुकानदाराला विचारा, रायफल सुरक्षित दिशेला धरा, बोल्ट उघडा, मॅगझिन काढा आणि चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने रिकामं असल्याची खात्री करा. दुकानदाराने आधी तपासलं असलं तरी तुम्ही पुन्हा तपासायचं. हे न करणाऱ्या ग्राहकाला चांगला दुकानदार रायफल देतच नाही.

सुरुवात नळीच्या तोंडापासून, म्हणजे क्राउनपासून. गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ हा. तो सगळीकडून सारखा नसेल तर बाहेर पडणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो आणि नळी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. छोटं भिंग सोबत न्या. काठावर खाच, चेपलेला कोपरा, एका बाजूला जास्त कापलेली धार दिसतेय का बघा. कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर काठावरून हळू फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे बर (धातूचा वर आलेला बारीक कंगोरा) किंवा ओरखडा आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि यातून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकाच्या दहा पानांतून कळत नाही.

मग नळीच्या आत. बोल्ट काढायला सांगा, मागच्या बाजूने पांढरा कागद किंवा छोटा दिवा धरा आणि तोंडाकडून बघा. चक्राकार खाचा धारदार आणि उजळ दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. नळीच्या आत आडवी काळी कडी दिसली तर ती रायफल सोडा. तिथे कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी मारली गेली आहे आणि नळी फुगली आहे. नळीच्या लांबीचा बाऊ करू नका. .२२ ला सोळा-अठरा इंचांत जवळजवळ सगळा वेग मिळून जातो. लांब नळीने स्कोपशिवाय, नळीवरच्या साध्या खुणांवर नेम धरणं सोपं जातं, एवढाच तिचा फायदा.

बोल्ट. उघडा असताना तो थोडा डुगडुगला तर हरकत नाही. बंद केल्यावर मात्र दांडा पुढे-मागे हलता कामा नये. दांडा उचलताना आणि खाली आणताना मध्येच कुठे अडकतो का बघा. बोल्टच्या तोंडाशी काडतूस ओढून काढणारे आकडे दिसतील. दोन्ही बाजूंना आकडे असतील तर रिकामं टरफल सरळ आणि खात्रीने बाहेर येतं.

ट्रिगर रिकाम्या चेंबरवर ओढून बघण्याआधी दुकानदाराला विचारा. बऱ्याच जुन्या रिमफायर रायफलींत रिकामी पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खाच पडते. यावर अमेरिकेतल्या नेमबाजांचा स्वस्त उपाय आहे: भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या प्लॅस्टिकचे छोटे प्लग मिळतात, त्यांतला चार नंबरचा चेंबरमध्ये बरोबर बसतो आणि पिनचा मार स्वतःवर घेतो. खिशात चार-पाच घेऊन जा.

आता ट्रिगर. हळूहळू दाबा. बोट मागे जाता जाता घासत, थांबत, पुन्हा सरकत गेलं तर ते खराब. एका जागी अडून मग एकदम सुटला, काच तुटावी तसा, तर चांगला. पहिल्या रायफलला दीड किलोच्या आसपासचं वजन ठीक आहे. यूट्यूब बघून कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली स्प्रिंग कापणाऱ्यांच्या नादी लागू नका.

ट्रिगरबरोबरच सेफ्टीची कसोटी घ्या. चेंबर रिकामं, पिवळा प्लग आत, बोल्ट बंद करून कॉक केलेला (पिनची स्प्रिंग ताणलेली). सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढा, सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडली तर रायफल सदोष आहे, तिथेच खाली ठेवा. पुन्हा कॉक करा, सेफ्टी काढलेली ठेवून दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने दोन-तीन जोरदार थापा मारा, बोल्टही झटक्याने बंद करून बघा. यातही पिन पडता कामा नये. या कसोटीत कमी पडलेली रायफल कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये.

शेवटी दस्ता आणि बेडिंग, म्हणजे रिसीव्हर दस्त्यात बसतो ती बैठक. एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मध्ये घालून रिसीव्हरकडे सरकवत न्या. नळी मोकळी ठेवलेली असेल तर नोट सलग जाईल. मग पुढचा दस्ता हाताने नळीकडे दाबा. पोकळ प्लॅस्टिक असेल तर तो सहज नळीला टेकतो, आणि बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवल्यावर प्रत्यक्षात तसंच होतं, त्यामुळे प्रत्येक गोळी वेगळ्या जागी जाते. रिसीव्हर धरणारे स्क्रू किती आणि कुठे आहेत तेही बघा. पुढे एक आणि मागे एक असे दोन स्क्रू असतील तर बैठक पक्की राहते. काही रायफलींत एकच असतो, आणि तो जरा सैल झाला की नेम सरकतो. लाकडी दस्त्याचं सौंदर्य मला फार आवडतं, पण दमट हवेत लाकूड फुगतं आणि नळीला टेकू लागतं, हे लक्षात ठेवून नोटेची तपासणी दर हंगामात एकदा करत जा.

दस्त्याची लांबी अंगाला बसली पाहिजे. कोपरात हात काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोहोचलं पाहिजे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी छोट्या दस्त्याची मॉडेल्स येतात. मोठ्याची रायफल मुलाच्या खांद्याला लावली की तो मान ताणून नेम धरतो आणि ती सवय नंतर सुटत नाही.

वापरलेली रायफल: मध्यम बजेटचा खरा मित्र

.२२ ची नळी झिजत नाही हे मी वर लिहिलंच आहे. त्यामुळे वापरलेल्या रायफलींत फार चांगला माल मिळतो. सीझेडची जुनी ४५२ आणि तिच्यानंतरची ४५५, मार्लिनच्या मॅगझिनवाल्या बोल्ट रायफली, रेमिंग्टनची ५१३-टी, मॉसबर्गच्या १४४ किंवा दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या सरावासाठी बनलेल्या ४४-यूएस, आणि नशीब असेल तर ॲन्शुट्झची ६४ ॲक्शनवाली. यांतल्या पुष्कळ रायफलींचं पोलाद आणि अक्रोडाचं लाकूड आजच्या तीनशे डॉलरच्या नव्या रायफलपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचं आहे.

वापरलेली घेताना वरची सगळी तपासणी करायचीच, आणि आणखी काही. मॅगझिन जागेवर आहे का, ते मूळचं आहे का बघा. जुन्या मॉडेलचं हरवलेलं मॅगझिन शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि रायफल स्वस्त का विकली जातेय याचं तेच कारण असू शकतं. रिसीव्हरवर स्कोप बसवण्यासाठी खाचेचा पट्टा किंवा स्क्रूची छिद्रं आहेत का? काही जुन्या रायफलींत दोन्ही नसतात. चेंबरच्या काठावर पिनच्या जागी खड्डा आहे का? असेल तर रिकामं टरफल अडकतं. १९६८ पूर्वीच्या काही अमेरिकन .२२ रायफलींवर क्रमांक मुळातच नसतो, ते कायदेशीर आहे. पण क्रमांक घासून काढलेला दिसला तर तिथून लगेच निघा.

सीझेड ४५२ आणि ४५५ बद्दल एक सावधगिरीची सूचना. त्यांची सेफ्टी उलटी चालते: पुढे ढकलली की सेफ्टी लागते, मागे ओढली की गोळी सुटायला तयार. ४५७ मध्ये कंपनीने ही दिशा बदलून इतर रायफलींसारखी केली. घरात दोन वेगवेगळ्या रायफली असतील तर हा फरक सगळ्यांना माहीत असलाच पाहिजे.

स्कोप आणि माउंट

रिमफायरसाठी बनलेला स्कोपच घ्या. मोठ्या रायफलींच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर स्थिर केलेला असतो. ५० यार्डांवर त्यातून बघताना डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो आणि नेम चुकतो. रिमफायर स्कोपचा तो ५० किंवा ६० यार्डांवर असतो, किंवा पुढच्या रिंगने जुळवता येतो. जुळवता येणारा मिळाला तर उत्तम. माउंट घेण्याआधी रिसीव्हरवर कुठला पट्टा आहे ते बघा. सीझेडला ११ मिलिमीटरचा डव्हटेल (रिसीव्हरमध्येच कोरलेली तिरकी खाच) लागतो, सॅव्हेज मार्क टू वर सहसा वीव्हर बेस (स्क्रूंनी बसवलेले वेगळे पट्टे) येतात. स्कोप धरणाऱ्या चुकीच्या रिंगा घेऊन घरी आल्यावर त्या घट्ट करायच्या नादात रिसीव्हरवर कायमचे ओरखडे पडतात.

काडतुसांचा शोध

इथे घाई करू नका, कारण चांगल्या रायफलची अचूकता इथेच उघड होते किंवा झाकलेली राहते.

'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली काडतुसं दुकानात सगळ्यात पुढे मांडलेली असतात. ती साधारण ३८० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतात, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने. टार्गेटकडे जाताना त्यांचा वेग आवाजाच्या वेगाखाली येतो आणि त्या टप्प्यात गोळी डळमळते. 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' गोळी मुळातच आवाजाच्या जरा खाली, सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघते, त्यामुळे तिला हा टप्पा ओलांडावाच लागत नाही. कागदी टार्गेटसाठी स्टँडर्डच घ्या. सीसीआय, एसके, इली, अगिला अशा चार-पाच कंपन्यांचा पन्नासाचा एकेक डबा आणा.

वारा नसलेली सकाळ निवडा, शक्यतो रेंज उघडल्या उघडल्या, आणि रायफल पुढे-मागे दोन वाळूच्या पिशव्यांवर ठेवा. अंतर ५० यार्ड. या अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२ च्या गोळीला जवळजवळ इंचभर बाजूला नेतो, म्हणून झाडाच्या पानांकडे लक्ष ठेवा. प्रत्येक नव्या डब्याच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत. गोळीवरचं मेण नळीत नीट पसरायला तेवढ्या लागतात, आणि कंपनी बदलली की मेणही बदलतं. मग पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारा. प्रत्येक गटातल्या सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि पाचांची सरासरी काढा. एकच सुंदर गट कापून भिंतीवर लावू नका, त्यावरून काही ठरत नाही. सरासरी इंचाच्या आत आली तर रायफल चांगली, पाऊण इंचाच्या आत आली तर फारच चांगली. कुठल्याच काडतुसाने दीड इंचाखाली उतरत नसेल तर आधी रिसीव्हरचे आणि स्कोपचे स्क्रू तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

टरफलंही गोळा करा. पिनची खूण सगळ्यांवर सारखी आणि ठसठशीत हवी. काही खुणा फिकट असतील, काडतुसं मध्येच फुसकी जात असतील, तर बोल्ट उघडून पिनचा मार्ग साफ करा. मेण आणि राख तिथे साचते. न मारलेलं एखादं काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून पुन्हा बाहेर काढा आणि गोळीचं टोक भिंगातून बघा. एका बाजूचं शिसं सोललेलं दिसलं तर मॅगझिनचे ओठ किंवा चेंबरची धार बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून बघून घ्या.

नळी साफ करायची तर नेहमी मागून, बोल्ट काढून, आणि फार वेळा नाही. तोंडाकडून सळी घातली तर तुम्ही दुकानात भिंग लावून तपासलेला तोच क्राउन तुमच्याच हाताने खराब होतो.

गोळी छोटी आहे म्हणून पल्ला छोटा नाही. .२२ ची गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाते, त्यामुळे मागे भक्कम मातीचा बांध नसलेल्या जागी कधीही मारू नका. शिशाचे कण हाताला लागतात, रेंजवरून आल्यावर जेवण्याआधी साबणाने हात धुवा, मुलांनाही धुवायला लावा. रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्हींच्या किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी.

चार-पाच डब्यांतून एक जिंकेल. डब्याच्या आतल्या झाकणावर किंवा बाजूला लॉट (एकत्र बनलेल्या खेपेचा) नंबर छापलेला असतो. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, पण दुसऱ्या लॉटचा डबा वेगळा मारू शकतो, म्हणून तो नंबर लिहून घ्या आणि दुकानात त्याच लॉटचे जेवढे डबे परवडतील तेवढे लगेच उचला.